रेणूची रचना, संगणकाचा अंदाज आणि आपली विहीर
(जलधारक पावडर घेण्यापूर्वी समजून घ्यावयाच्या गोष्टी)



गेल्या उन्हाळ्यात एक डाळिंब बागायतदार आमच्या विभागात काचेच्या दोन बरण्या घेऊन आले. दोन्हींमध्ये त्यांनी जलधारक पावडर, म्हणजेच हायड्रोजेल, सारख्याच मापाने टाकले होते. एका बरणीत साठवलेले पावसाचे पाणी होते, दुसरीत विहिरीचे. पहिल्या बरणीत जेल काठापर्यंत फुगून आले होते. दुसरीत ते तळाशी तीन-चार बोटेच होते. "सर, पुडी एकच आहे. मग खोटे कोण? पुडी की विहीर?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. दोन एकर बागेसाठी ही पावडर घ्यावी की नाही, हे त्यांना ठरवायचे होते.

खोटे कोणीच नव्हते. त्या पावडरीच्या रेणूची रचनाच अशी असते की क्षारयुक्त पाण्यात ती कमी फुगते. किती कमी फुगेल याचा ढोबळ अंदाज बरणीत न टाकताही, केवळ रेणूच्या रचनेवरून काढता येतो. असे अंदाज काढण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे आणि आज त्यासाठी संगणक वापरले जातात. ठिबकच्या नळ्या, पीव्हीसी पाइप, आच्छादनाचा कागद, शेततळ्याचे अस्तर, हायड्रोजेल या सर्व वस्तू पॉलिमर (बहुवारिक) या एकाच कुळातील आहेत. त्यामुळे हे शास्त्र शेतकऱ्यानेही थोडे समजून घेणे फायद्याचे आहे. ते कोठवर सांगू शकते आणि कोठे थांबते, हेही तितकेच समजून घ्यावे.

युरियाच्या गोणीवरील ४६ हा आकडा

रेणूच्या रचनेवरून गुणधर्म काढण्याचे सर्वांत सोपे उदाहरण आपल्या घरातच आहे. युरियाच्या गोणीवर नत्र ४६ टक्के असे छापलेले असते. हा आकडा कागदावरही काढता येतो. युरियाच्या एका रेणूत १ कार्बन, १ ऑक्सिजन, २ नायट्रोजन आणि ४ हायड्रोजनचे अणू असतात. त्यांचे अणुभार अनुक्रमे १२, १६, २८ (१४ गुणिले २) आणि ४ धरले तर बेरीज ६० होते. ६० मध्ये २८ नत्र, म्हणजे सुमारे ४६.७ टक्के. रेणू माहीत झाला की नत्राचे प्रमाण आपोआप कळते.

परंतु प्रत्येक गुणधर्म असा नुसत्या मोजणीने कळत नाही. १८२८ मध्ये फ्रीड्रिख व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला. या दोन्ही पदार्थांत तेच अणू, त्याच संख्येने असतात. नत्राचे प्रमाणही दोन्हींत तेच. तरीही एक क्षार आहे आणि दुसरा आपला युरिया. फरक आहे तो अणूंच्या मांडणीचा. तेव्हा कोणते अणू किती आहेत हे जसे पाहावे लागते, तसेच ते एकमेकांना कसे जोडलेले आहेत हेही पाहावे लागते. पॉलिमरच्या बाबतीत तर मांडणीलाच सर्वाधिक महत्त्व आहे.

साखळीची लांबी आणि वितळण्याचे तापमान

पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब साखळी. साखळीतील प्रत्येक कडी सारखीच असते. हेर्मान श्टाउडिंगर या शास्त्रज्ञाने १९२० मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा अनेकांना ती पटली नव्हती. पुढे १९५३ मध्ये याच कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पॉलिथिनची साखळी सर्वांत साधी. कार्बनला कार्बन जोडत जायचा आणि प्रत्येक कार्बनवर दोन हायड्रोजन. हीच साखळी आखूड असेल तर मेण होते आणि लांब असेल तर ठिबकची नळी होते. साखळीत कार्बन किती आहेत यावरून ती कोणत्या तापमानाला वितळेल हे काढण्याचे एक सूत्र ब्रॉडहर्स्ट यांनी १९६२ मध्ये दिले. साध्या गणकयंत्रावर ते करून पाहता येते. कार्बनच्या संख्येतून १.५ वजा करावेत. त्या आकड्याला ४१४ ने गुणावे. मग कार्बनच्या संख्येत ५ मिळवून त्याने भागावे. आलेल्या उत्तरातून २७३ वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात.

३० कार्बनच्या साखळीसाठी हे उत्तर ६४ अंश येते. प्रत्यक्षात ती सुमारे ६६ अंशांना वितळते. ६० कार्बनसाठी उत्तर जवळजवळ १०० येते, प्रत्यक्ष मोजणी ९९. कार्बन हजारांनी वाढवत नेले तर उत्तर १४१ अंशांच्या जवळ जाऊन थांबते, त्यापुढे वाढत नाही.

आता बाजारातील पॉलिथिन पाहू. जास्त घनतेचे पॉलिथिन १३० ते १३५ अंशांच्या आसपास वितळते आणि कमी घनतेचे १०५ ते ११५ अंशांना. दोन्ही १४१ च्या खालीच आहेत. याचे कारण असे की सूत्रातील साखळी सरळ व निर्दोष धरलेली असते. प्रत्यक्षात साखळीला फांद्या असतात. काड्यांची मोळी जशी घट्ट बांधता येते तशी काटेरी फांद्यांची बांधता येत नाही. तसेच फांद्यांच्या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत. त्यामुळे घनता कमी होते, लवचिकपणा वाढतो आणि वितळण्याचे तापमान उतरते. यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. गणित आपल्याला आदर्श मालाची मर्यादा सांगते. हातात आलेला माल त्या मर्यादेच्या किती खाली आहे, हे तपासूनच कळते.

बाजूच्या गटाचा परिणाम

साखळीच्या बाजूला काय जोडले आहे यावरही गुणधर्म बदलतात. पीव्हीसीच्या साखळीत एकाआड एक कार्बनवर हायड्रोजनच्या जागी क्लोरीनचा मोठा अणू असतो. त्यामुळे साखळ्यांना वळायला जागा राहत नाही व पदार्थ ताठ राहतो. सुमारे ८० अंशांच्या वर तापवले की साखळ्या हलू लागतात आणि पाइप मऊ पडतो. पाइपचे तोंड तापवून त्यात दुसरा पाइप बसवण्याची युक्ती आपण सर्वच जण करतो. त्या वेळी आपण हाच टप्पा ओलांडत असतो. याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. पॉलिप्रॉपिलिनसाठी हे तापमान शून्याखाली सुमारे १० अंश आहे. पॉलिथिनसाठी ते शून्याच्या कितीतरी खाली आहे. म्हणून ठिबकची नळी कडाक्याच्या थंडीतही गुंडाळता येते, पीव्हीसी पाइप मात्र गुंडाळता येत नाही.

डच शास्त्रज्ञ व्हॅन क्रेव्हेलेन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यासाठी एक व्यवहारी पद्धत मांडली. साखळीच्या कडीचे लहान लहान गट पाडायचे, प्रत्येक गटाला मोजमापावरून ठरवलेला आकडा द्यायचा आणि त्यांची बेरीज करून गुणधर्म काढायचा. जनावरांचा खुराक ठरवताना आपण हेच करतो. मक्यातून इतकी प्रथिने, पेंडीतून इतकी, कडब्यातून इतकी अशी बेरीज केली की खुराक खाऊ न घालताही त्याचा कस कळतो.

साखळ्यांचे जाळे म्हणजे हायड्रोजेल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हायड्रोजेलमध्ये साखळ्या सुट्या नसतात. त्या अधूनमधून एकमेकींना गाठी मारून जोडलेल्या असतात. मासे धरण्याचे जाळे डोळ्यांसमोर आणावे. गाठी असल्यामुळे जाळे पाण्यात विरघळून जात नाही, फक्त फुगते. शेतीत वापरल्या जाणाऱ्या अनेक पावडरींमध्ये साखळीच्या बाजूला आम्लगट असतात व त्यांच्याबरोबर पोटॅशियम असते. पाण्यात गेल्यावर पोटॅशियम सुटा होतो आणि साखळीवर ऋणभार उरतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. शिवाय जाळ्याच्या आत सुट्या आयनांची गर्दी जास्त आणि बाहेर कमी असल्याने बाहेरचे पाणी आत ओढले जाते. मिठात ठेवलेल्या कैरीतून पाणी बाहेर येते. येथे त्याच नियमाने पाणी आत जाते.

जाळे किती फुगेल याचा सिद्धान्त फ्लोरी व रेनर यांनी १९४३ मध्ये मांडला. पुढे फ्लोरी यांनी त्यात भार आणि क्षार यांचाही विचार केला. पॉलिमर शास्त्रातील कार्यासाठी फ्लोरी यांना १९७४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सूत्रातून शेतकऱ्यांच्या उपयोगाच्या चार गोष्टी निघतात.

१) गाठी जितक्या जास्त तितके फुगणे कमी. गाठी दुप्पट केल्या तर फुगण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशावर येते. मात्र गाठी फारच कमी ठेवल्या तर जेल चिकट व लिबलिबीत होते आणि मातीच्या भाराखाली टिकत नाही. म्हणजे सर्वांत जास्त फुगणारी पावडर हीच सर्वांत चांगली, असे समजू नये.

२) पाण्यातील क्षार वाढले की आतील व बाहेरील गर्दीचा फरक कमी होतो आणि जाळे कमी फुगते. क्षार दहापट झाले तर फुगणे जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येते. उदाहरणार्थ, पाण्याची विद्युत वाहकता ०.२ वरून २.० डेसिसायमन प्रति मीटर झाली, तर २०० पट फुगणारी पावडर ५० पटच फुगेल. हा ढोबळ हिशेब आहे. अगदी शुद्ध पाण्याला तो तंतोतंत लागू होत नाही.

३) पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम जास्त असेल, तर परिणाम आणखी वाईट होतो. कॅल्शियमवर दुहेरी धनभार असतो. तो एकाच वेळी दोन आम्लगटांना धरून ठेवतो आणि जाळ्यात नव्या गाठी मारल्यासारखे होते. प्रत्येक भिजवणीत असे कॅल्शियम साचत गेले तर जेलची ताकद उतरत जाते.

४) जमीन किंवा पाणी आम्लधर्मी असेल तर आम्लगटांवरील भार कमी होतो आणि फुगणेही कमी होते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ही बाब ध्यानात ठेवावी.

डाळिंबाच्या बरण्यांचे उत्तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यात आहे.

संगणक काय करतो?

वरील सूत्रे हाताने सोडवता येतात. पण नवीन पॉलिमर तयार करताना हजारो प्रकारच्या कड्या शक्य असतात. प्रत्येक तयार करून पाहणे कोणालाच परवडणारे नाही. तेथे संगणकाची मदत होते. त्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत.

पहिल्या रीतीत संगणकाच्या स्मृतीत काही साखळ्या आणि पाण्याचे हजारो रेणू प्रत्यक्ष मांडले जातात. प्रत्येक अणू दुसऱ्याला किती ओढतो व किती लोटतो याचे गणित करून तो पुढच्या क्षणी कोठे जाईल हे काढतात. असे लाखो वेळा केले की जाळे कसे फुगते याचे चलच्चित्रच तयार होते. ही रीत कारणे चांगली दाखवते, पण फार वेळ खाते. संगणकात अनेक दिवस चाललेले गणितही बहुधा प्रत्यक्षातील एका सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशाचेच असते.

दुसरी रीत अनुभवावर चालते. आतापर्यंत मोजलेल्या हजारो पॉलिमरची रचना आणि त्यांचे गुणधर्म संगणकाला शिकवले जातात. रचना संगणकाला कळावी म्हणून ती अक्षरांच्या ओळीत लिहिण्याची पद्धत डेव्हिड वेनिंगर यांनी १९८८ मध्ये मांडली होती. अशा हजारो ओळी पाहून संगणक स्वतःच नियम बसवतो आणि नव्या रचनेचा गुणधर्म सांगतो. अमेरिकेतील रामप्रसाद यांच्या गटाने २०१८ मध्ये 'पॉलिमर जिनोम' या नावाने असा संच सर्वांसाठी खुला केला. जुना जाणता शेतकरी ढग पाहून पाऊस सांगतो, त्यातलाच हा प्रकार. त्याने जितके पावसाळे पाहिले तितका अंदाज पक्का. न पाहिलेल्या मुलखात मात्र त्याचाही अंदाज चुकतो.

संगणकाला काय सांगता येत नाही?

संगणक रेणूबद्दल सांगतो. आपण विकत घेतो तो केवळ रेणू नसतो, तो माल असतो. मालात इतर घटक मिसळलेले असतात, तो यंत्रातून काढलेला असतो, गोदामात पडून राहिलेला असतो. ठिबकच्या नळीचेच पाहा. पॉलिथिनच्या साखळीवरून नळीचा मऊपणा व वितळण्याचे तापमान कळेल. पण ती उन्हात किती वर्षे टिकेल हे मुख्यतः तिच्यात काजळी (कार्बन ब्लॅक) योग्य प्रमाणात, सुमारे २ ते ३ टक्के, आणि सारखी मिसळली आहे की नाही यावर ठरते. काजळीच नसेल तर उत्तम पॉलिथिनही उन्हाने तडकते. म्हणून नळी व पाइप घेताना भारतीय मानक चिन्ह पाहावे, हा सल्ला संगणकाच्या युगातही जुना झालेला नाही.

हायड्रोजेलचेही तसेच आहे. पुडीवर रेणूची रचना छापलेली नसते, गाठींची संख्याही नसते. आपल्या विहिरीच्या पाण्यात काय आहे हे पुडी बनवणाऱ्याला माहीत नसते. पुडीवरील '३०० पट', '४०० पट' हे आकडे सामान्यतः शुद्ध पाण्याचे असतात. ते खोटे नसतील, पण ते आपल्या शेताचेही नाहीत. हा उरलेला हिशेब आपल्यालाच करावा लागतो.

घरी करावयाची चाचणी

१) वजनकाट्यावर ५ ग्रॅम पावडर मोजून घ्यावी. अशा तीन पुड्या कराव्यात.

२) तीन बादल्यांत प्रत्येकी ५ लिटर पाणी घ्यावे. पहिलीत पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी, दुसरीत विहिरीचे अथवा कूपनलिकेचे पाणी आणि तिसरीत आपण ठिबकमधून खत देतो त्याच प्रमाणात विद्राव्य खत मिसळलेले पाणी घ्यावे.

३) पावडर हळूहळू भुरभुरून टाकावी व रात्रभर तशीच ठेवावी.

४) सकाळी ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळावे. पंधरा मिनिटे निथळू द्यावे. पिळू नये.

५) जेलचे वजन करून त्यातून ५ ग्रॅम वजा करावेत व उरलेल्या वजनाला ५ ने भागावे. आलेला आकडा म्हणजे आपल्या पाण्यातील 'पट'.

६) विहिरीच्या पाण्यातील जेल सावलीत पूर्ण वाळवून पुन्हा त्याच पाण्यात भिजवावे. असे तीन वेळा करावे. प्रत्येक वेळी पट उतरत गेला तर पाणी जड आहे असे समजावे. माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेतून पाण्याची विद्युत वाहकता व कॅल्शियमचे प्रमाण तपासून घ्यावे.

शेतातला हिशेब

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी होते. हेक्टरी ५ किलो पावडर सर्वत्र टाकली आणि ती ३५० पट फुगली असे मानले तरी १,७५० लिटर पाणी धरले जाईल, म्हणजे एका मिलिमीटरचा पाचवा हिस्साही नाही. उन्हाळ्यात एका दिवसात याहून कितीतरी अधिक पाणी उडून जाते. म्हणून ही पावडर शेतभर फेकल्याने दुष्काळ टळेल अशी अपेक्षा धरू नये. तिचा उपयोग व्हायचा तर ती मुळांच्या अगदी जवळ, थोड्या जागेत, ओलावा पुन्हा पुन्हा मिळेल अशा ठिकाणी असली पाहिजे. रोपवाटिकेतील माध्यम, पुनर्लागवडीची सरी, नवीन झाडाचा खड्डा ही अशी ठिकाणे आहेत. तेथेही एका सरीत पावडर वापरून शेजारची सरी तशीच ठेवावी आणि स्वतः तुलना करावी. संहत खताचे द्रावण जेलजवळ थेट ओतू नये.

सुरुवातीला उल्लेखलेल्या बागायतदारांकडून आम्ही हीच चाचणी करवून घेतली. पावसाच्या पाण्यात पट २४० आला, विहिरीच्या पाण्यात ६०. साडेचार बाय तीन मीटरवर लागवड असल्याने दोन एकरांत त्यांची सुमारे ६०० झाडे आहेत. एकरी २ किलोप्रमाणे ४ किलो पावडर टाकली असती तर विहिरीच्या पाण्यात तिने २४० लिटर पाणी धरले असते, म्हणजे झाडामागे जेमतेम ४०० मिलिलिटर. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला रोज वीस ते चाळीस लिटर पाणी लागते. हा हिशेब त्यांनी स्वतःच वहीत मांडला, वही मिटली आणि म्हणाले, "म्हणजे झाडामागे दोन पेले!" त्यांनी बागेसाठी पावडर घेतली नाही. त्या पैशांत उसाच्या पाचटाचे आच्छादन केले. मेलेल्या झाडांच्या जागी नांग्या भरताना मात्र प्रत्येक खड्ड्यात २५ ग्रॅम पावडर मातीत मिसळून घातली. तेथे ६० पटीनेही दीड लिटर पाणी कोवळ्या मुळांशी राहते, आणि कोवळ्या रोपाला दीड लिटर थोडे नसते.

सारांश, रेणूच्या रचनेवरून पॉलिमरचे गुणधर्म सांगण्याचे शास्त्र खरे आहे व ते दिवसेंदिवस अचूक होत आहे. त्यातून यापुढे क्षारयुक्त पाण्यातही चांगली फुगणारी जेले तयार होऊ शकतील. परंतु त्या गणितात आपली माती आणि आपली विहीर नसते. ती भरण्यासाठी वजनकाटा, तीन बादल्या आणि एक रात्र एवढेच लागते. नवीन निविष्ठा घेण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी एवढी चाचणी अवश्य करून पाहावी व मगच खर्चाचा निर्णय घ्यावा.